उत्पादन व्यवस्थापन शिकायचंय? एकच शाफ्ट हातात घ्या आणि शेवटपर्यंत सोडू नका

प्रॉडक्शन मॅनेजमेंटचं पुस्तक उघडलं की प्रकरणं सुटी सुटी दिसतात. टाइम स्टडी वेगळी, लाइन बॅलन्सिंग वेगळं, इन्व्हेंटरी वेगळी, कंट्रोल चार्ट तर थेट स्टॅटिस्टिक्समधून उचलून आणल्यासारखे. प्रत्येक प्रकरणाची दोन-तीन सूत्रं पाठ होतात, गणितंही सुटतात. पण तुम्हाला शॉप फ्लोअरवर उभं करून कुणी विचारलं, "इथून रोज ४०० नग निघतील का?" तर कोणतं प्रकरण उघडायचं ते सुचत नाही. याचं कारण साधं आहे. ही प्रकरणं एकमेकांना आकडे पुरवतात आणि शिकवताना नेमकं तेच राहून जातं.

म्हणून या लेखात एकच भाग पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत नेला आहे. भाग साधा आहे: स्टीलचा शाफ्ट, लांबी १५० मिमी, तयार व्यास ४५ मिमी, त्यावर एक की-वे (की बसवायची खाच). मागणी रोज ४०० नगांची, एक शिफ्ट, वर्षाला कामाचे ३०० दिवस. आकडे उदाहरणाचे आहेत, पण एका पायरीचं उत्तर पुढच्या पायरीत वापरलं आहे. वही-पेन घेऊन सोबत करा. नुसतं वाचलं तर यातलं फार थोडं हाती लागेल.

## सुरुवातीला काय जवळ हवं

- सेकंद आणि दशांश मिनिट दोन्ही दाखवणारं स्टॉपवॉच (फोनमधलंही चालेल), क्लिपबोर्ड, पेन्सिल
- कॅल्क्युलेटर आणि कोणतीही स्प्रेडशीट
- १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाचणारा मायक्रोमीटर वापरायची सोय (का, ते आठव्या पायरीत)
- नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचा तक्ता आणि कंट्रोल चार्टच्या स्थिरांकांचा तक्ता
- निवडलेल्या भागाचं ड्रॉइंग, प्रोसेस शीट (ऑपरेशनांचा क्रम सांगणारा कागद) आणि बिल ऑफ मटेरियल (एका नगाला कोणता माल किती लागतो त्याची यादी)

गणितात सरासरी, प्रमाणित विचलन आणि नॉर्मल वक्र इतकं पक्कं असेल तर अडणार नाही. लिनिअर प्रोग्रॅमिंग पुढे लागतं. त्यासाठी सुरुवात लांबवू नका.

## १. भागाची वाट कागदावर मांडा

कच्चा माल आत आल्यापासून तयार माल बाहेर जाईपर्यंत काय काय घडतं ते क्रमाने लिहा. आपल्या शाफ्टची वाट अशी:

बार कापणे – टर्निंग – की-वे मिलिंग – ग्राइंडिंग – तपासणी.

प्रत्येक ऑपरेशनसमोर मशीन, टूल, पकड (चक, दोन सेंटर, फिक्स्चर), गेज आणि वेळ असे रकाने आखा. वेळेचा रकाना सध्या रिकामा ठेवा.

इथे बहुतेक नवशिके फक्त ऑपरेशनं लिहितात. भाग कुठे पडून राहतो, कुठून कुठे ट्रॉलीने जातो, कुठे तपासणीसाठी थांबतो हे सुटतं. पाचवी पायरी पूर्णपणे या थांबण्यावर आहे, तेव्हा थांबे आताच नोंदवा.

जॉब, बॅच, मास आणि सलग उत्पादन हे प्रकारही इथेच समजून घ्या, व्याख्या म्हणून पाठ करू नका. रोज ४०० एकसारखे शाफ्ट लागत असतील तर मशीनं भागाच्या वाटेनुसार ओळीत लावणं परवडतं. रोज ४० प्रकारचे दहा-दहा शाफ्ट असतील तर तीच ओळ अडचणीची होते. लेआउट ठरतं ते नगसंख्या आणि विविधता यांच्या जोडीने.

## २. मशीनचा वेळ सूत्राने काढा

टर्निंगला ५० मिमी व्यासाचा बार दोन सेंटरमध्ये धरला आहे. कटिंग स्पीड मिनिटाला १०० मीटर, फीड फेऱ्यामागे ०.२ मिमी.

स्पिंडलचे फेरे = १००० × १०० ÷ (३.१४१६ × ५०) = मिनिटाला सुमारे ६३७.

टूलला आत यायला ३ मिमी जागा धरली तर प्रवास १५३ मिमी. वेळ = १५३ ÷ (०.२ × ६३७) = १.२० मिनिटं.

पहिला मोठा सापळा इथेच आहे. १.२० मिनिटं म्हणजे १ मिनिट २० सेकंद नव्हे, ७२ सेकंद. दशांश मिनिट आणि मिनिट-सेकंद यांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे आकडे चुकतात, आणि चूक छोटी असल्याने नजरेतही येत नाही. एकच एकक ठरवा. आपण सेकंद वापरू.

दुसरा सापळा: व्यास म्हणून तयार माप घालणं. कटिंग स्पीड काढताना टूल ज्या पृष्ठभागाला भिडतं तो व्यास घ्यायचा, म्हणजे इथे ५०. शिवाय टर्निंगनंतर व्यास ४५.३ ठेवला आहे. वरचा ०.३ मिमी माल ग्राइंडिंगसाठी राखला आहे, हे प्रोसेस शीटवर लिहायला विसरू नका.

## ३. हाताचा वेळ स्टॉपवॉचने मोजा

मशीन कापत असतं तेवढाच वेळ लागत नाही. बार चढवणं, उतरवणं, चिप्स काढणं, माप घेणं हे माणूस करतो. त्याला सूत्र नाही, मोजावंच लागतं.

कामाचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट डोळ्याला किंवा कानाला स्पष्ट कळला पाहिजे: टेलस्टॉक घट्ट झाल्याचा आवाज, स्पिंडल थांबणं, शाफ्ट ट्रेमध्ये पडणं. दोन-अडीच सेकंदांहून छोटा तुकडा हाताने धड मोजता येत नाही, तो शेजारच्या तुकड्यात मिसळा. हाताचं काम आणि मशीनचं काम मात्र कधीही एका तुकड्यात घेऊ नका.

समजा हाताच्या कामाची मोजलेली सरासरी २० सेकंद आली. ऑपरेटर नेहमीच्या वेगापेक्षा थोडा जलद होता म्हणून रेटिंग १०५ टक्के दिलं. नॉर्मल वेळ = २० × १.०५ = २१ सेकंद. थकवा, वैयक्तिक गरजा आणि किरकोळ खोळंबा यांसाठी १५ टक्के सूट धरली तर प्रमाण वेळ = २१ × १.१५ = सुमारे २४ सेकंद. टर्निंगचा एकूण वेळ ७२ + २४ = ९६ सेकंद.

रेटिंग ७२ सेकंदांना लावलेलं नाही, हे नीट बघा. फीड आणि स्पीड मशीनने धरलेले असतात, ऑपरेटर कितीही चपळ असला तरी तिथे फरक पडत नाही. ९६ च्या ९६ सेकंदांना रेटिंग लावणं ही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये वारंवार दिसणारी चूक आहे.

सुटीच्या टक्क्यांचंही तसंच. १५ टक्के नॉर्मल वेळेवर असतील तर १.१५ ने गुणायचं. पण "शिफ्टच्या वेळेतला १५ टक्के" असं दिलं असेल तर ०.८५ ने भागायचं, मग उत्तर २४.७ येतं. परीक्षेत प्रश्नातलं वाक्य दोनदा वाचा.

किती वाचनं घ्यायची? ९५ टक्के खात्री आणि ±५ टक्के अचूकता हवी असेल तर:

वाचनं = (१.९६ × विचलन ÷ (०.०५ × सरासरी)) चा वर्ग.

सरासरी २० आणि विचलन २ असेल तर १६ वाचनं पुरतात. विचलन ४ असेल तर ६२ लागतात. पसारा दुप्पट झाला की कष्ट चौपट. त्यामुळे पसारा खूप असेल तर जास्त वाचनं घेण्याआधी कामाची पद्धतच ठरलेली आहे का ते पाहा. ऑपरेटर दर वेळी बार वेगळ्या ठिकाणाहून उचलत असेल तर शंभर वाचनांची सरासरीही निरर्थक आहे. आधी पद्धत पक्की, मग वेळ. फ्रेडरिक टेलरचं स्टॉपवॉच आणि गिलब्रेथ दांपत्याचा हालचालींचा अभ्यास पुस्तकात एकाच प्रकरणात येतात ते याच कारणाने.

विचित्र वाचन आलं तर ते खोडू नका, गोल करून शेजारी कारण लिहा. कारण सापडलं तरच ते सरासरीतून वगळा.

## ४. टॅक्ट टाइम काढा आणि ओळ जुळवा

शिफ्ट ४८० मिनिटांची, त्यातली ४० मिनिटं जेवण-चहाची. उरली ४४० मिनिटं, म्हणजे २६,४०० सेकंद. मागणी ४००.

टॅक्ट = २६,४०० ÷ ४०० = ६६ सेकंद.

टॅक्ट ही गिऱ्हाइकाची लय आहे, सायकल टाइम ही तुमच्या मशीनची. दोन्ही सेकंदांतच असतात म्हणून गोंधळ होतो. टॅक्ट मोजला जात नाही, तो मागणीतून निघतो.

आता वेळेचा रकाना भरा: बार कापणे ४०, टर्निंग ९६, मिलिंग ४४, ग्राइंडिंग ४६, तपासणी ३०. बेरीज २५६ सेकंद.

२५६ ÷ ६६ = ३.८८, म्हणून किमान ४ स्टेशनं, असं पुस्तक सांगतं. हा आकडा कागदावरचा आहे. कापायची करवत आणि ग्राइंडर एकाच जागी येत नाहीत, आणि टर्निंगला ९६ सेकंद लागतात म्हणून लेथ दोन हव्यातच. प्रत्यक्षात सहा जागा होतात आणि ओळीची कार्यक्षमता २५६ ÷ (६ × ६६) = ६४.६ टक्के.

इथे थांबून विचार करा, कारण लाइन बॅलन्सिंगची खरी गंमत सूत्रात नाही, या जागी आहे. करवतीचा आणि तपासणीचा माणूस एकच ठेवता येईल का? ४० + ३० = ७०. टॅक्टपेक्षा चार सेकंद जास्त. बार चढवायला रोलर स्टँड लावून करवतीवरचे पाच सेकंद वाचवले तर ६५ होतात आणि सहाऐवजी पाच माणसांत काम बसतं. कार्यक्षमता २५१ ÷ (५ × ६६) = ७६ टक्के. पण एक अट आहे. करवत ओळीच्या सुरुवातीला आणि तपासणी शेवटी. सरळ ओळीत माणूस दिवसभर चालतच राहील. ओळ वाकवून इंग्रजी यू अक्षरासारखी केली की दोन्ही टोकं शेजारी येतात. यू-लेआउटचे फायदे पाठ करण्यापेक्षा हे एक गणित करून पाहिलंत तर तो कायमचा लक्षात राहील.

## ५. खरी क्षमता काढा, मग रांग समजून घ्या

दोन लेथ, प्रत्येकी ९६ सेकंद. एका लेथचे शिफ्टमध्ये २६,४०० ÷ ९६ = २७५ नग, दोन्हींचे ५५०. मागणी ४०० ची. भरपूर क्षमता आहे, असं वाटतं.

आता एका लेथची दिवसाची नोंद पाहा. ४४० मिनिटांपैकी ३० सेटअपमध्ये आणि १४ बिघाडात गेली. नग निघाले २१३, त्यात चांगले २०६.

- उपलब्धता: ३९६ ÷ ४४० = ९० टक्के
- कामगिरी: ३९६ मिनिटांत २४७.५ निघायला हवे होते, निघाले २१३, म्हणजे ८६ टक्के
- गुणवत्ता: २०६ ÷ २१३ = ९६.७ टक्के

तिन्हींचा गुणाकार म्हणजे ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, मशीनची एकूण परिणामकारकता), सुमारे ७५ टक्के. ताळा सोपा आहे: चांगले नग भागिले आदर्श नग, २०६ ÷ २७५. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर कुठेतरी एक वेळ दोनदा वजा झाला आहे.

दोन्ही लेथची खरी क्षमता ४१२. मागणी ४००. म्हणजे मशीनं ९७ टक्के भरलेली. बहुतेक विद्यार्थी इथे "क्षमता पुरेशी आहे" लिहून पुढे जातात. तसं करू नका.

नग येण्याची आणि काम होण्याची वेळ पूर्णपणे अनियमित असलेल्या एका मशीनचा सोपा नमुना घ्या. रांगेतला सरासरी थांबा = कामाचा वेळ × वापर ÷ (१ − वापर). वापर म्हणजे मशीन किती भरलेलं आहे ते प्रमाण. ५० टक्के वापरावर थांबा कामाच्या वेळेइतका, ८० वर चौपट, ९० वर नऊपट, ९५ वर एकोणीसपट, ९७ वर बत्तीसपट. हा वक्र हाताने, आलेख कागदावर काढा. शेवटी तो भिंतीसारखा उभा चढतो. "मशीन एक मिनिटही रिकामं राहता कामा नये" या आग्रहाची किंमत त्या भिंतीत दिसते.

आता सेटअपकडे परत या. शिगेओ शिंगो यांनी सेटअपची कामं दोन गटांत पाडली: मशीन थांबवूनच करता येणारी आणि मशीन चालू असताना करून ठेवता येणारी. टूल शोधणं, जॉ काढून आणणं, प्रोग्रॅम तयार ठेवणं ही दुसऱ्या गटातली कामं मशीन थांबवून केली जातात, तिथे वेळ जातो. समजा सेटअप ३० वरून १० मिनिटांवर आला. उपलब्धता ९४.५ टक्के, ओईई ७८.७, दोन लेथची क्षमता ४३३ आणि वापर ९२ टक्के. वरच्या सूत्रात थांबा ३२ पटींवरून साडेअकरा पटींवर येतो. दोन मशीनांच्या रांगेचा नेमका आकडा याहून लहान असतो, पण घसरण अशीच मोठी. नवीन मशीन न घेता वीस मिनिटांनी रांग तिसऱ्या हिश्शावर आणली.

रांग कमी करायचा दुसरा मार्ग म्हणजे अनियमितपणा कमी करणं. जॉन किंगमन यांच्या १९६१ च्या सूत्रात थांबा हा येण्यातला आणि कामातला चढउतार यांच्या सरासरीशी सम प्रमाणात असतो. नग एकदम ट्रॉलीभर न येता थोडे थोडे आले की वापर तोच राहूनही रांग आखूड होते.

त्याच वर्षी जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम तर तोंडी गणितात करता येतो: शॉपमधला अर्धवट माल = रोजचं उत्पादन × भागाला लागणारे दिवस. शॉपमध्ये २,४०० अर्धवट शाफ्ट मोजलेत आणि रोज ४०० बाहेर पडतात, तर प्रत्येक शाफ्ट सहा दिवस आत आहे. त्याच्यावर प्रत्यक्ष काम २५६ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटं. बाकी सगळा वेळ पहिल्या पायरीत नोंदवलेल्या थांब्यांचा. अट एवढीच की शॉप स्थिर लयीत चालू असावं आणि एककं जुळावीत.

## ६. माल किती मागवायचा

रोज ४०० चांगले शाफ्ट हवेत आणि सगळ्या वाटेवर मिळून ३ टक्के बाद होतात असं धरू. किती सुरू करायचे? ४०० ला १.०३ ने गुणू नका, ०.९७ ने भागा: ४१३. इथे फरक एकाच नगाचा आहे. पण बाद होण्याचं प्रमाण २० टक्के असेल तर गुणाकाराने ४८० आणि भागाकाराने ५०० येतात.

एका शाफ्टला करवतीची खाच आणि तोंड साफ करायचा माल धरून १५५ मिमी लागतात. ३ मीटरच्या बारमधून १९ तुकडे, ५५ मिमी उरतात. ४१३ ÷ १९ म्हणजे रोज २२ बार, वर्षाला साधारण ६,५००. बिल ऑफ मटेरियलमध्ये "१५० मिमी" लिहिलं तर हिशेब २० तुकड्यांचा होतो आणि महिनाअखेर स्टोअरमध्ये बार कमी पडतात. एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट प्लॅनिंग, म्हणजे मालाच्या गरजेचं नियोजन) जिथे फसतं तिथे बहुधा गणित बरोबर असतं आणि बिल ऑफ मटेरियल, स्टॉकची नोंद किंवा लीड टाइम (माल हातात यायला लागणारा वेळ) यांपैकी एक चूक असतं.

एका वेळी किती मागवायचे याचं फोर्ड हॅरिस यांचं १९१३ चं सूत्र: २ × वार्षिक गरज × एका ऑर्डरचा खर्च ÷ एक नग वर्षभर ठेवायचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. गरज ६,५००, ऑर्डरचा खर्च ३६० आणि ठेवायचा खर्च १३ (चलन कोणतंही घ्या) तर उत्तर नेमकं ६०० बार.

हा ६०० पवित्र मानू नका. ९०० मागवले तरी ऑर्डर आणि साठवण यांचा मिळून खर्च फक्त ८.३ टक्के वाढतो. ३०० मागवले तर २५ टक्के. वक्र तळाशी सपाट आहे, त्यामुळे ट्रकभर किंवा बंडलभर असा सोयीचा आकडा घ्यायला हरकत नसते.

पुन्हा ऑर्डर कधी? पुरवठ्याला ९ दिवस लागत असतील तर २२ × ९ = १९८ बार. रोजच्या वापराचं विचलन ४ बार असेल आणि ९५ टक्के वेळा माल संपू नये असं वाटत असेल तर राखीव साठा = १.६५ × ४ × ९ चं वर्गमूळ = सुमारे २०. म्हणून साठा २१८ वर आला की ऑर्डर टाका. वर्गमूळ विसरून थेट ९ ने गुणलं की राखीव साठा ५९ येतो. ही चूक फार होते.

## ७. अंदाज आणि कामांचा क्रम

हे दोन विषय पुस्तकात लांबलचक आहेत, सुरुवातीला थोडक्यात पुरे. अंदाजासाठी एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग शिका: नवा अंदाज = जुना अंदाज + स्थिरांक × (प्रत्यक्ष − जुना अंदाज). चुका मोजताना नुसती सरासरी चूक नको. अधिक-उणे चिन्हांसकट बेरीजही ठेवा. ती सतत एकाच बाजूला वाढत असेल तर पद्धत कललेली आहे.

क्रमासाठी तीन नियम, तिन्हींचं उद्दिष्ट वेगळं. एका मशीनवर सगळ्यांत कमी वेळाचं काम आधी घेतलं तर सरासरी थांबा सर्वांत कमी. सर्वांत जवळच्या मुदतीचं आधी घेतलं तर सर्वांत मोठा उशीर कमीत कमी. दोन मशीनांवर एकाच क्रमाने जाणाऱ्या कामांसाठी १९५४ चा जॉन्सनचा नियम: उरलेल्यांतला सर्वांत छोटा वेळ शोधा, तो पहिल्या मशीनवरचा असेल तर काम पुढे लावा, दुसऱ्यावरचा असेल तर शेवटी. जॉन्सनचा नियम मुदतीकडे बघत नाही, हे उत्तरात लिहा.

## ८. गुणवत्ता: माप, चार्ट आणि ऑपरेटरची भीती

ग्राइंडिंगनंतरचा व्यास ४५.००० ± ०.०२५ मिमी. म्हणजे टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) रुंदी ५० मायक्रॉन. मापयंत्राचं वाचन टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाइतकं तरी बारीक असावं, म्हणजे ५ मायक्रॉन. ०.०२ मिमीचा व्हर्नियर इथे कुचकामी, ०.०१ चा साधा मायक्रोमीटरही अपुरा. १ मायक्रॉनचा हवा तो यासाठी.

नुकताच ग्राइंड झालेला गरम शाफ्ट मोजू नका. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ४५ मिमीचा शाफ्ट २० अंशांनी गरम असेल तर सुमारे १० मायक्रॉन मोठा दिसतो. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे.

दर तासाला सलग पाच शाफ्ट मोजा. पाचांची सरासरी आणि रेंज (सर्वांत मोठं माप वजा सर्वांत लहान) काढा, असे २० ते २५ गट घ्या. कंट्रोल चार्टची कल्पना वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडली, हा त्याच कुटुंबातला चार्ट. समजा एकूण सरासरी ४५.०१० आणि सरासरी रेंज १७.४ मायक्रॉन आली. पाचच्या गटासाठीचे स्थिरांक तक्त्यातून घेऊन:

- सरासरीच्या चार्टची मर्यादा: ४५.०१० ± ०.५७७ × १७.४ मायक्रॉन, म्हणजे ± १० मायक्रॉन
- रेंजची वरची मर्यादा: २.११४ × १७.४ = ३६.८ मायक्रॉन, खालची शून्य
- विचलनाचा अंदाज: १७.४ ÷ २.३२६ = ७.५ मायक्रॉन

सरासरीच्या चार्टवर ड्रॉइंगची ± २५ ची रेघ ओढू नका. पाच नगांची सरासरी एकेका नगापेक्षा कमी हलते, त्यामुळे सरासरी आत दिसते आणि नग बाहेर गेलेले असतात. कंट्रोल लिमिट प्रोसेस सांगते, टॉलरन्स ड्रॉइंग सांगतं. दोघांचा एकमेकांशी गणिती संबंध नाही.

प्रोसेसचा पसारा टॉलरन्समध्ये किती मावतो ते सीपी सांगतो: सीपी = ५० ÷ (६ × ७.५) = १.११. ठीक वाटतं. सरासरी जवळच्या मर्यादेपासून किती लांब आहे तेही बघणारा सीपीके मात्र (२५ − १०) ÷ (३ × ७.५) = ०.६७. सरासरी १० मायक्रॉन वर सरकलेली आहे, म्हणून सुमारे २.३ टक्के शाफ्ट वरच्या मर्यादेबाहेर जातात.

सरासरी वर का सरकली? जाड राहिलेला शाफ्ट पुन्हा ग्राइंड करता येतो, बारीक झालेला भंगारात जातो. त्यामुळे ऑपरेटर माप वरच्या बाजूला ठेवतो, आणि त्याच्या जागी ते शहाणपणाचंच आहे. मशीन दुरुस्त करायला सांगण्याआधी हे समजून घ्या. उपाय म्हणजे पसारा कमी करणं: व्हील ड्रेसिंग (ग्राइंडिंग व्हीलचा पृष्ठभाग पुन्हा नीट करणं) किती नगांनी करायचं ते ठरवणं, कूलंट आणि सेंटरची भोकं तपासणं. माप वर ठेवायची गरज उरली नाही की सरासरी आपोआप मध्यावर येते. आणि पुन्हा ग्राइंड होणारे शाफ्ट ग्राइंडरची क्षमता खातात, ते आकडे पाचव्या पायरीत परत घाला.

## ९. शॉप फ्लोअरवर जाताना आणि रिपोर्ट लिहिताना

बंद बूट, सेफ्टी चष्मा, आखूड किंवा घट्ट बाह्या. फिरत्या लेथजवळ हातमोजे, अंगठी, लोंबती ओढणी किंवा आयकार्डची दोरी नको. फोटोसाठी आधी परवानगी घ्या.

वेळ मोजायच्या आधी सुपरवायझरची परवानगी काढा आणि ऑपरेटरला समोर जाऊन सांगा की तुम्ही कामाची पद्धत अभ्यासता आहात, त्याची परीक्षा घेत नाही. लपून मोजलेला वेळ वापरू नका. कुणी बघतंय असं लक्षात आलं की वेग बदलतो, विश्वासही जातो. तुमच्या तुकड्यांची यादी त्याला दाखवा. सुटलेली पायरी तो लगेच सांगेल: दर पंधरा नगांनी टूल ऑफसेट बदलणं, दर तासाला चिप्सचा ट्रे रिकामा करणं. अशी कामं दर सायकलला होत नाहीत. त्यांचा वेळ तेवढ्या नगांवर वाटून प्रमाण वेळेत घालावा लागतो.

रिपोर्टमधल्या प्रत्येक तक्त्यात आकड्याशेजारी एक अरुंद रकाना ठेवा आणि त्यात "मोजला", "गणला" किंवा "विचारला" यांपैकी एक शब्द लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा "हा आकडा कुठून आला?" हाच असतो. "विचारला" फार ठिकाणी दिसत असेल तर स्टॉपवॉच घेऊन आणखी एक शिफ्ट उभं राहायची तयारी ठेवा.